उसळीतलं विज्ञान, फवारणीतलं विष

हिवाळ्यात दही लवकर लागत नाही, हे आपल्याला कुठल्या शाळेत शिकवलेलं नसतं. पौषात विरजण लावलं की हात आपोआप पातेल्याला जुन्या लुगड्यात गुंडाळतात आणि ऊबेला ठेवतात. तेच उन्हाळ्यात सकाळी लावलेलं दही दुपारी आंबट ढाण होतं. वांगं चिरलं की मिठाच्या पाण्यात टाकायचं, नाहीतर काळं पडतं. मोड हवे असतील तर मटकी थंडीत एक रात्र जास्त बांधून ठेवायची. ही सगळी आपली रोजची कामं. यातल्या प्रत्येक कामात आपण एकच प्रश्न सोडवत असतो, "हे किती वेळात होईल, आणि तो वेळ मला कमी-जास्त करता येईल का?"

मैत्रिणींनो, या प्रश्नाला विज्ञानात मोठं भारदस्त नाव आहे, रासायनिक गतिकी. इंग्रजीत 'रिअॅक्शन कायनेटिक्स'. दोन पदार्थ एकत्र आले की काय तयार होतं हे रसायनशास्त्र सांगतं. ते किती वेगाने तयार होतं, आणि तो वेग कशाने वाढतो किंवा अडतो, हे गतिकी सांगते. आपल्या शरीरात क्षणाक्षणाला अशा हजारो क्रिया चालू असतात. त्यांचा वेग बिघडला की माणूस आजारी पडतो आणि वेग थांबला की माणूस जातो.

मी स्वतः कला शाखेची पदवीधर. दहावीनंतर रसायनशास्त्राशी संबंध उरला नव्हता. पण आमचं पिंपळगाव राजा म्हणजे खामगाव तालुक्यातलं कापूस-सोयाबीनचं गाव. पावसाळा लागला की घरोघरी पाठीवर पंप चढतो. बचत गटाच्या कामात एकदा कुणाच्या तरी दवाखान्याच्या कागदावर 'कोलिनएस्टरेज' असा शब्द दिसला. तो काय आहे ते समजून घेताना मी थेट दह्याच्या पातेल्यापासून फवारणीच्या पंपापर्यंत जाऊन पोचले. मधल्या वाटेवर दोन विलक्षण बायका भेटल्या. त्यांची ओळख करून द्यावी आणि शेवटी आपल्या घरच्या माणसाच्या जिवाशी असलेला संबंधही सांगावा, म्हणून हा लेख.

गिरणीचं गणित

शरीरातल्या बहुतेक क्रिया आपल्या आपण झाल्या असत्या तर इतक्या सावकाश झाल्या असत्या की खाल्लेला घास पचायला जन्म पुरला नसता. म्हणून शरीर मदतनीस ठेवतं. त्यांना 'एन्झाइम' म्हणतात, मराठीत 'विकर'. विकर स्वतः संपत नाही. एक काम झालं की ते दुसऱ्या कामाला मोकळं होतं.

गावातली पिठाची गिरणी डोळ्यांसमोर आणा. दळण थोडं आलं तर गिरणी मधून मधून रिकामी बसते. दळण वाढलं की पीठही जास्त निघतं. पण दिवाळीच्या तोंडावर डब्यांची रांग रस्त्यापर्यंत गेली तरी गिरणीतून तासाला निघायचं तेवढंच पीठ निघतं. तिची हद्द झालेली असते. विकरांचं अगदी असंच असतं. सुरुवातीला माल वाढवला की वेग वाढतो, मग वाढ मंदावते आणि शेवटी एका ठरावीक वेगावर अडते.

हे साधं वाटणारं सत्य १९१३ साली दोन शास्त्रज्ञांनी गणितात पक्कं बसवलं. लिओनोर मिकेलिस आणि मॉड मेंटेन. यातल्या मॉड मेंटेन या बाई होत्या, कॅनडाच्या. १९११ साली टोरोंटो विद्यापीठातून त्यांनी वैद्यकातली मोठी पदवी मिळवली. त्या काळात बाईने संशोधन करणं कुठेच सोपं नव्हतं. त्या समुद्र ओलांडून बर्लिनला गेल्या आणि मिकेलिस यांच्याबरोबर साखर फोडणाऱ्या विकराचा वेग मोजत बसल्या. त्यातून निघालेलं 'मिकेलिस-मेंटेन समीकरण' आज जगभरच्या जीवरसायनाच्या विद्यार्थ्याला शिकावंच लागतं. औषधाचा डोस ठरवतानाही त्याचा उपयोग होतो. एवढं करूनही अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठात त्यांना पूर्ण प्राध्यापकपद मिळालं ते १९४८ साली, वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षाच्या आसपास. दोनच वर्षांनी त्या निवृत्त झाल्या!

दुर्गाबाईंची बहीण

दुसरी बाई आपली, मराठी. दुर्गाबाई भागवत आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. त्यांची धाकटी बहीण कमला भागवत, म्हणजे लग्नानंतरच्या डॉ. कमला सोहोनी, हे नाव मात्र आपल्यापैकी कितीजणींनी ऐकलेलं असेल?

कमलाबाईंचे वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्राचे. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. उत्तम गुणांनी पास होऊन त्यांनी बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये अर्ज केला. तिथे नोबेल मिळवलेले सर सी. व्ही. रामन संचालक होते. मुलगी आहे म्हणून प्रवेश नाकारला गेला. कमलाबाई गप्प घरी बसल्या नाहीत. त्या बंगळूरला जाऊन थडकल्या आणि नकाराचं कारण विचारलं. शेवटी एक वर्ष पारखून बघू, अशा अटीवर प्रवेश मिळाला. त्यांनी ते वर्ष इतकं चोख काढलं की अट घालणाऱ्यांना बोलायला जागा उरली नाही. दूध, डाळी आणि कडधान्यं यांतल्या प्रथिनांवर काम करून १९३६ साली त्यांनी एम.एस्सी. पूर्ण केलं.

पुढे केंब्रिजला, जीवनसत्त्वांच्या शोधासाठी नोबेल मिळवलेल्या सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत त्या गेल्या. तिथे बटाट्यावर काम करताना त्यांनी वनस्पतींच्या पेशींमध्येही 'सायटोक्रोम सी' हे श्वसनातलं महत्त्वाचं प्रथिन असतं हे दाखवून दिलं. आपण श्वास घेतो, बटाटाही घेतो, आणि दोघांच्या पेशींत ऊर्जा तयार करायची रीत मुळात एकच! १९३९ साली त्यांना पीएच.डी. मिळाली. ब्रिटनच्या विद्यापीठातून विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्री मानल्या जातात. प्रबंध अवघा चाळीसेक पानांचा होता.

भारतात परत आल्यावर दिल्ली, कुन्नूर आणि मग मुंबईची इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स असा त्यांचा प्रवास झाला. विषय कोणते निवडले बघा. नीरा, डाळी, दूध, पालेभाज्या. गरिबाच्या ताटात काय पडतं आणि त्यातलं अंगी किती लागतं, हा त्यांचा प्रश्न. १९६६ साली मुंबईत ग्राहकांसाठी काही महिलांनी 'कन्झ्युमर गायडन्स सोसायटी' सुरू केली, तिच्यातही त्या होत्या. विज्ञान स्वयंपाकघरात आणून ठेवणारी ही बाई होती.

वालाच्या दाण्यातला अडथळा

१९५०च्या दशकात कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी वालाच्या आणि डबल बीनच्या दाण्यांवर काम केलं. वाल कच्चे खाऊ नयेत, ते भिजवावेत, मोड आणावेत, सोलावेत आणि नीट शिजवावेत, हे आपल्या आज्या सांगत आल्या. का, ते या संशोधनाने दाखवलं.

आपल्या आतड्यात प्रथिनं तोडणारं 'ट्रिप्सिन' नावाचं विकर असतं. कच्च्या वालात असा एक पदार्थ असतो की तो ट्रिप्सिनला जाऊन चिकटतो आणि त्याचं काम अडवतो. पोटात प्रथिनं असतात पण ती तुटत नाहीत, मग अंगी कशी लागणार? झाडाच्या दृष्टीने ही सोय आहे, दाणे खाणाऱ्या किडीला ते पचू नयेत म्हणून. आपण उसळ शिजवतो तेव्हा आचेने हा अडथळा मोडतो. म्हणजे आजीच्या 'नीट शिजू दे गं' या सांगण्यात पचनाचा वेग सांभाळण्याचं शहाणपण होतं.

अशा अडवणाऱ्या पदार्थांना 'इनहिबिटर' म्हणतात. आपण त्यांना अडथळे म्हणू. अडथळे दोन जातींचे असतात. गिरणीच्या रांगेत कुणी रिकामा डबा घेऊन उभं राहिलं तर बाकीच्यांचा खोळंबा होतो, पण तो माणूस बाजूला झाला की काम सुरू. हा पहिला प्रकार. जात्यात लोखंडाचा खिळा अडकला तर? मग दळण कितीही घाला, काही उपयोग नाही. हा दुसरा प्रकार. आणि आपल्या पऱ्हाटीवर फवारली जाणारी बरीच औषधं या दुसऱ्या प्रकारची आहेत.

पऱ्हाटीवरचं विष

आपला मेंदू हाताला 'उचल' म्हणतो तो निरोप नसेमधून जातो. नस आणि स्नायू यांच्यामध्ये बारीकशी फट असते. ती ओलांडायला एक रसायन निरोप्याचं काम करतं, त्याचं नाव अॅसिटिलकोलिन. निरोप पोचला की हा निरोप्या ताबडतोब मिटवावा लागतो, नाहीतर स्नायू आखडलेलाच राहील. मिटवण्याचं काम करतं ते अॅसिटिलकोलिनएस्टरेज हे विकर. शरीरातल्या सर्वात चपळ विकरांत याची गणना होते. याचा एक कण सेकंदाला हजारो निरोपे मिटवतो!

मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस ही नावं आपल्याकडच्या कृषी केंद्रात वर्षानुवर्षं नेहमीची होती. यांना 'ऑर्गॅनोफॉस्फेट' म्हणतात. हे विष किडीचं हेच विकर बंद पाडतं. अडचण अशी की किडीचं आणि माणसाचं विकर सारख्याच घाटाचं आहे. श्वासातून किंवा घामेजल्या कातडीतून विष आत गेलं की विकर त्याला नेहमीचा माल समजून आत घेतं, आणि तो माल आत अडकून बसतो. नेहमीचा निरोप्या सोडवायला विकराला सेकंदाचा हजारावा भागही पुरतो. हा चिकटलेला तुकडा सुटायला मात्र तास, कधी कधी दिवस लागतात.

मग निरोपे साचत जातात. तोंडाला लाळ, डोळ्यांना पाणी, दरदरून घाम, उलटी, जुलाब, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, अंगाचं मांस फडफडणं, छातीत घरघर. आणि शेवटी श्वासाचे स्नायूच थकतात.

२०१७ चा हंगाम विदर्भातली कोणतीही बाई विसरणार नाही. एकट्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात होते. तिथे वापरलेली सगळीच औषधं या एका जातीची नव्हती, काही वेगळ्या प्रकारची होती, काही एकात एक मिसळलेली. पण त्या वर्षाने एक गोष्ट कायमची शिकवली. फवारणी हे नुसतं पुरुषाचं शेतातलं काम नाही, तो अख्ख्या घराचा प्रश्न आहे.

घड्याळ कुठून सुरू होतं?

आता गतिकीचा सगळ्यात महत्त्वाचा धडा. विष विकराला चिकटलं की लगेच सगळं संपत नाही. सिमेंटचा गोळा चुकून फरशीवर पडला तर ओला असेपर्यंत तो खरवडून काढता येतो. वाळून दगड झाला की फरशीच फोडावी लागते. इथेही तसंच होतं. चिकटलेल्या विषाचा एक भाग हळूहळू गळून पडतो आणि उरलेला पक्का बसतो. याला शास्त्रज्ञ 'एजिंग' म्हणतात. पक्कं बसल्यावर कोणतंही औषध त्याला सोडवू शकत नाही.

याचा वेग मोजलेला आहे. मोनोक्रोटोफॉससारख्या एका गटात अडकलेल्या विकरांपैकी निम्मी सुमारे पावणेचार तासांत पक्की होतात. क्लोरपायरीफॉससारख्या दुसऱ्या गटात निम्मी व्हायला सुमारे ३३ तास लागतात. आता आपल्या घरातला हिशोब करा. माणूस संध्याकाळी सहाला शेतातून येतो, डोकं दुखतं, मळमळतं. आपण म्हणतो ऊन लागलं असेल, लिंबाचं सरबत देतो, झोपवतो. सकाळी सहाला दवाखान्यात नेतो. बारा तास झाले. पहिल्या गटातलं विष असेल तर सोडवता येण्याजोगी विकरं शंभरातली जेमतेम दहा उरली.

सोडवणारं औषध आहे, प्रॅलिडॉक्सिम, डॉक्टर त्याला 'पाम' म्हणतात. त्याचाही वेगाशीच संबंध आहे. एक इंजेक्शन दिलं की रक्तातलं त्याचं प्रमाण वाढतं आणि मग उतरत जातं. विष मात्र शरीरात साठलेलं असतं, ते हळूहळू बाहेर येत राहतं. मग मधल्या वेळात राखण कोणी करायची? हा प्रश्न आपल्या महाराष्ट्रातच, बारामतीच्या एका रुग्णालयात डॉ. पवार, डॉ. भोईटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचारला. विषबाधेच्या २०० रुग्णांना त्यांनी आधी सारखाच डोस दिला. मग शंभर जणांना दर तासाला एक ग्रॅम या हिशोबाने दोन दिवस सलग सलाईनमधून औषध दिलं, आणि शंभर जणांना दर चार तासांनी एक ग्रॅम. सलग औषध मिळालेल्यांत एक रुग्ण दगावला, दुसऱ्या गटात आठ. २००६ साली हा अभ्यास जगप्रसिद्ध 'लॅन्सेट'मध्ये छापून आला.

पण हा काही शेवटचा शब्द नाही. २००९ साली श्रीलंकेतल्या अभ्यासात याच औषधाचा फायदा दिसला नाही. कोणतं विष, किती पोटात गेलं, रुग्ण किती उशिरा पोचला, यावर फार काही अवलंबून असतं आणि डॉक्टरांत अजून यावर मतभेद आहेत. अॅट्रोपिनचं इंजेक्शन आणि श्वासाची मदत हाच उपचाराचा मुख्य आधार मानला जातो. अॅट्रोपिन विकराला सोडवत नाही, साचलेल्या निरोप्यांची दारं बंद करतं. ते उशिरा पोचलेल्यालाही उपयोगी पडतं. म्हणून 'आता उशीर झाला, नेऊन काय उपयोग' असं कधीही म्हणायचं नाही.

रोज थोडं थोडं

आमच्या गटातल्या एका बाईने मला विचारलं होतं, "ताई, आमचे हे चार वर्सं झाले फवारनी करतात. कधी काही झालं नाही. मंग आताच कायले झालं?"

तिच्या प्रश्नाचं उत्तरही वेगाच्या हिशोबात आहे. पक्की बंद पडलेली विकरं शरीर दुरुस्त करत नाही, त्याला नवी बनवावी लागतात. रक्तातल्या तांबड्या पेशींतलं हे विकर नवी पेशी तयार होईल तसंच भरून निघतं, आणि तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. म्हणजे भरपाई दिवसाला जेमतेम एक टक्का. आता रांजणाचा विचार करा. रोज तांब्याभर काढायचं आणि वाटीभर घालायचं, तर किती दिवस पुरेल? सालदार माणूस हंगामात आठ-दहा दिवस सलग फवारतो, तेव्हा रोज थोडं थोडं विकर जातं. त्याला काही जाणवत नाही, कारण शरीराजवळ शिल्लक असते. मग एक दिवस नेहमीइतकीच फवारणी होते आणि माणूस कोसळतो. त्या दिवशी विष जास्त नव्हतं, रांजणाचा तळ लागला होता.

अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात या औषधांशी सतत काम करणाऱ्या मजुरांचं रक्त हंगामाआधी तपासून ठेवतात. तांबड्या पेशींतलं विकर मूळच्या ७० टक्क्यांवर आलं की त्याला फवारणीवरून दूर करतात आणि ८० टक्के भरल्यावरच परत घेतात. आपल्याकडच्या फवारणी करणाऱ्या मजुराला असा आकडा का मिळू नये? हंगामाआधी एक आणि मध्ये एक, अशा दोन तपासण्या. ग्रामसभेत आणि आरोग्य केंद्राच्या बैठकीत ही मागणी आपण बायकांनीच मांडायला हवी, कारण सालदाराला मालकासमोर 'आज जमत नाही' म्हणणं जड जातं.

आणि आपलं काय? फवारणीचं पाणी भरून देतो आपण. ते कपडे हाताने धुतो आपण. फवारलेल्या वावरात दुसऱ्या दिवशी निंदायला जातो आपण. आपलीही विकरं तीच, भरपाईचा वेगही तोच.

घरातल्या बाईने लक्षात ठेवावं असं

फवारणीचे कपडे घरच्या कपड्यांत मिसळू नका. हातमोजे घालून, भरपूर साबण लावून वेगळे धुवा आणि उन्हात वाळवा.

अंगावर औषध सांडलं तर घरी येईपर्यंत थांबायचं नाही. शेतातच कपडे काढून साबण-पाण्याने अंग धुवायचं. कातडीतून विष जातच राहतं.

वाऱ्याच्या तोंडावर आणि भर उन्हात फवारणी नको. घामेजलेलं अंग विष जास्त ओढतं. सलग दिवस टाळा.

डबीवरचा रंगीत त्रिकोण बघा. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. दोन औषधं आपल्या मनाने मिसळू नका. रिकामी डबी तेला-पाण्याला कधीच नाही.

फवारणीनंतर डोकेदुखी, मळमळ, लाळ, अंधारी, घाम, यातलं काहीही दिसलं तर ऊन लागलं असं समजू नका. तूप-दूध पाजू नका, उलटी करायला लावू नका. १०८ ला फोन करा.

दवाखान्यात जाताना औषधाची डबी बरोबर न्या, आणि डॉक्टरांना सांगा किती वाजता सुरू झालं. ती वेळ आपल्याशिवाय दुसरं कुणी सांगू शकत नाही.

दही किती वेळात लागेल, भाकरी किती आचेवर भाजेल, वाल किती शिजवायचे, हा वेळेचा हिशोब आपल्या हातात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला आहे. मॉड मेंटेन आणि कमला सोहोनी यांनी तोच हिशोब प्रयोगशाळेत नेला. आता तो पऱ्हाटीच्या बांधावर नेण्याचं काम आपलं. यंदा पंप पाठीवर चढण्याआधी आपापल्या गटात एक बैठक नक्की घ्या.